मेदुसेचा दरवाजा

‘हॉटेल’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की तो कानी पडताच चहाची कपबशी आणि भज्यांची बशी डोळ्यांपुढे येते. फ्रेंच लोकांच्या भाषेत मात्र या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. तिथे नगरपालिकेच्या इमारतीला ‘ओतेल द व्हिल’ म्हणतात, पॅरिसच्या अतिशय जुन्या रुग्णालयाला ‘ओतेल द्यो’ म्हणतात आणि एखाद्या सरदाराने वा धनिकाने शहरात स्वतःच्या कुटुंबासाठी बांधलेल्या हवेलीला ‘ओतेल पार्तिक्युलिए’ म्हणतात. हा शेवटचा अर्थ मला ठाऊक नव्हता, तेव्हा ‘पॅरिसमधील जुनी ओतेल्स’ असे शब्द वाचून मी ते प्रकरण खाण्यापिण्याचे समजून उलटणार होते. पण त्याच पानावर एका लाकडी दरवाजाचे चित्र होते. सुताराच्या मुलीला दरवाजाचे चित्र उलटून पुढे जाणे जड जाते. त्या दरवाजाविषयी आणि त्यामागच्या घराविषयी जे समजले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

हे घर पॅरिसच्या ‘मारे’ नावाच्या भागात आहे. मारे म्हणजे दलदल. सेन नदीच्या उजव्या तीरावरची ही पाणथळ जमीन हळूहळू लागवडीखाली आली आणि मग वस्तीखाली. राजा चौथा हेन्री याने १६०५ साली येथे एक मोठा चौकोनी चौक बांधावयास घेतला. १६१२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तो आज ‘प्लास दे व्होज’ या नावाने प्रसिद्ध आहे. राजाने चौक बांधला म्हटल्यावर सरदार, न्यायाधीश, करवसुलीवर गबर झालेले कंत्राटदार, सारे आसपास जागा घेऊ लागले. शंभर वर्षे मारे हा पॅरिसमधील प्रतिष्ठितांचा मोहल्ला होता. मिठावरील कराच्या वसुलीत ज्याने पैसा केला, त्याच्या हवेलीला लोकांनी ‘ओतेल साले’, म्हणजे ‘खारट हवेली’ असे नाव ठेवले. पुढे १९८५ साली त्याच हवेलीत पिकासोचे संग्रहालय उघडले. लोकांनी ठेवलेली नावे दगडापेक्षाही टिकाऊ असतात, ती अशी.

आपली हवेली ‘रू व्हिएय द्यु ताँप्ल’ या रस्त्यावर सत्तेचाळीस क्रमांकाची. अमेलो द बिसय नावाच्या अधिकारी कुटुंबासाठी पिएर कोतार या वास्तुशिल्पज्ञाने ती १६५७ ते १६६० या सुमारास बांधली. इकडे शिवाजीमहाराजांनी अफझलखानाचा वध केला ते साल १६५९, म्हणजे काळ लक्षात ठेवावयास सोपा. तिचे कागदोपत्री नाव मालकावरून ‘ओतेल अमेलो द बिसय’ असे असले, तरी लोक तिला ‘हॉलंडच्या राजदूतांची हवेली’ म्हणून ओळखतात. गंमत अशी, की हॉलंडचा राजदूत तेथे राहत नव्हता. राहत होता तो त्याच्या वकिलातीचा धर्मोपदेशक. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंट पंथीयांचे उपासनेचे स्वातंत्र्य काढून घेतले होते. त्यानंतर परकी वकिलातींच्या आश्रयाने होणारी प्रार्थना हीच पॅरिसमधील प्रॉटेस्टंटांची सोय उरली. धर्मोपदेशक गेला आणि नाव मात्र राजदूताचे चिकटले.

अशा हवेलीची मांडणी समजून घेतली, तरच तिच्या दरवाजाचे महत्त्व कळते. आपल्याकडे श्रीमंताने घर बांधले की रस्त्याच्या बाजूला सज्जा, खिडक्या, रंग अशी शोभा करतो. फ्रेंच ओतेलचे तसे नाही. राहण्याची मुख्य इमारत रस्त्यापासून आत सरकवलेली. तिच्यापुढे फरसबंदी अंगण आणि पाठीमागे बाग. ‘अंगण आणि बाग यांच्या मधोमध’ हेच त्या मांडणीचे नाव. अंगणाच्या दोन्ही अंगांना तबेला, गाडीखाना, स्वयंपाकघर, चाकरांच्या खोल्या. रस्त्याकडे येते ती बहुधा उंच, रुक्ष भिंत. रस्त्यावरचा चिखल, गलका, घाण आणि गरिबी आत येऊ नये, हा तिचा हेतू. वाड्याचा चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही आतल्या बाजूला तोंड करून बसलेली रचना परकी वाटणार नाही.

आता भिंत रुक्ष ठेवली, तर मालकाने आपली श्रीमंती दाखवावी कोठे? अर्थात दरवाजावर. या दरवाजाला ‘पोर्त कोशेर’ म्हणतात, म्हणजे घोडागाडी आत जाईल असा दरवाजा. ज्याच्या दाराशी गाडी थांबते तो निराळा आणि ज्याच्या दारातून गाडी थेट आत जाते तो निराळा. हा फरक नुसता दिखाऊ नव्हता. १६४९ साली पॅरिसच्या न्यायपीठाने राजसत्तेविरुद्ध बंड केले, तेव्हा सैन्य उभारण्यासाठी असे ठरले, की ज्या घराला गाडीचा दरवाजा असेल त्याने एक घोडेस्वार द्यावा. या अशा जमवलेल्या स्वारांना लोक थट्टेने ‘गाडी-दरवाजांचे घोडदळ’ म्हणू लागले. घराच्या दरवाजावरून माणसाची ऐपत मोजण्याचा हा सरकारी हिशेब वाचून मला हसूही आले आणि नवलही वाटले.

दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, अगदी पायथ्याशी, अशा हवेल्यांत गोटीव दगड बसवलेले असतात. गाडी वळताना चाकाचा आस चौकटीला घासून दगडी कमान फुटू नये, म्हणून चाकाला बाहेर ढकलण्याची ही युक्ती. दरवाजा दोन मोठ्या फळ्यांचा आणि त्यांतील एका फळीत माणसापुरती लहान झडप. आपल्या वाड्यांतील दिंडी दरवाजाच तो! गाडीसाठी दोन्ही फळ्या उघडायच्या. पायी येणाऱ्याला दिंडी. म्हणजे एकाच दरवाजात दोन दरवाजे, आणि आपल्यासाठी कोणता उघडतो यावरून माणसाने आपली पायरी ओळखायची.

आता प्रत्यक्ष दरवाजाकडे वळू. हॉलंडच्या राजदूतांच्या हवेलीचा दरवाजा ओक लाकडाचा आहे. त्यावर सर्वांत आधी नजर जाते ती मेदुसेच्या मुखवट्यांकडे. केसांच्या जागी साप, तोंड किंकाळी फोडल्यासारखे उघडे. ग्रीक पुराणात मेदुसा ही अशी स्त्री, की तिच्याकडे पाहणारा दगड होऊन जाई. पर्सियस नावाच्या वीराने ढालीत तिचे प्रतिबिंब पाहत पाहत तिचे मस्तक उडवले आणि ते अथीना देवीच्या ढालीवर जाऊन बसले. तेव्हापासून हे भयंकर तोंड रक्षणासाठी वापरले जाऊ लागले. वाईट नजरेला त्याहून वाईट नजर दाखवायची, हे त्यामागचे तत्त्व. आपल्या देवळांच्या उंबरठ्यावर वासलेल्या जबड्याचे कीर्तिमुख असते आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर काळी बाहुली लोंबते, त्यांचेही काम हेच. मेदुसा आणि कीर्तिमुख यांचे नाते लावण्याचा माझा अधिकार नाही. पण दाराशी भीती उभी करावी असे दोन दूरच्या मुलुखांतील माणसांना वाटले, एवढे खरे.

कमान ओलांडून अंगणात गेले आणि मागे वळून पाहिले, की दरवाजाच्या वरच्या दगडात वेगळेच दृश्य दिसते. रोम्युलस आणि रेमस ही जुळी बाळे लांडगीचे दूध पीत आहेत आणि मेंढपाळ फॉस्टुलस याला ती सापडतात. रोम शहराच्या जन्माची ही कथा. ती तोमा रेनोदँ या शिल्पकाराने कोरली. रेनोदँचा जन्म १६२२चा, मृत्यू १७०६चा. पुढे व्हर्सायच्या बागेतील अपोलो आणि त्याच्या परिचारिका या प्रसिद्ध शिल्पसमूहात जिरार्दाँबरोबर त्याचाही हात होता. रस्त्याच्या बाजूला साप आणि अंगणाच्या बाजूला दूध पाजणारी लांडगी! बाहेरच्याला भय आणि आतल्याला अभय, असा तो हिशेब असावा असे मला वाटते.

दरवाजाचे चित्र मी आमच्या आण्णांना दाखवले. आण्णा चौथीपर्यंत शिकले आणि नंतर त्यांच्या हाती रंधा आला तो आजपर्यंत आहे. मला वाटले होते, ते साप बघून काही बोलतील. त्यांनी चित्र उजेडाकडे धरले, मुखवट्यांकडे पाहिलेही नाही, आणि म्हणाले, “चौकट बघ पोरी. नक्षी काय, कुणीबी काढंल. एवढं मोठं दार लोंबलं कसं न्हाई, ते बघ.”

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. लाकूड तोडले तरी मरत नाही. पावसाळ्यात हवेतले पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. आणि ते रुंदीत जितके हलते, तितके लांबीत हलत नाही. म्हणून रुंद दरवाजा नुसत्या फळ्या ठोकून केला, तर तो वर्षा-दोन वर्षांत तडकतो नाहीतर वाकतो. यावर उपाय म्हणजे आधी उभ्या-आडव्या जाड लाकडांची चौकट करायची. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला तिच्या मापाचे भोक पाडायचे, दोन्ही एकात घालून आरपार लाकडी खुंटी मारायची. मग चौकटीच्या आतल्या कडांना खाच पाडून त्यात पातळ कडांचे पॅनेल सैल बसवायचे. त्याला खिळा नाही की सरस नाही. ते खाचेत आपले फुगते, आकसते आणि चौकटीला धक्का लावत नाही. चौकट बळ देते आणि पॅनेल मोकळे राहते. युरोपात अशा दरवाजांची रीत हीच होती, हे मी नंतर वाचले. आण्णांनी ते चित्रावरून ओळखले होते.

फ्रान्समध्ये या कारागिरांचे दोन वर्ग होते. छपराचे वासे, तुळया असे जाडे काम करणारे ‘शार्पांतिए’ आणि दारे, खिडक्या, तक्तपोशी असे बारीक काम करणारे ‘मनुइझिए’. मनुइझिए या शब्दाच्या मुळाशीच ‘बारीक’ हा अर्थ आहे. प्रत्येकाची स्वतंत्र पंचायत, तिचे कायदे, उमेदवारीची वर्षे ठरलेली. मूर्तिकारही पूर्वी अशाच पंचायतीत मोडत. परंतु १६४८ साली चित्रकार आणि शिल्पकार यांची राजाश्रयी अकादमी निघाली आणि अकादमीतला तो कलावंत, पंचायतीतला तो कारागीर, अशी रेघ ओढली गेली. रेनोदँ या अकादमीचा सभासद झाला. म्हणून इमारतींच्या इतिहासात मालकाचे नाव येते, आराखडा काढणाऱ्याचे येते, शिल्पकाराचे येते. दरवाजा ज्याने जोडला, त्याच्यापर्यंत ही यादी सहसा पोहोचत नाही.

ही गोष्ट माझ्या मनात घोळत असतानाच या घराच्या सर्वांत प्रसिद्ध भाडेकरूची माहिती हाती आली. १७७६ साली येथे बोमार्शे हा नाटककार राहावयास आला. त्याचे जन्मनाव पिएर-ओग्युस्तँ कारों. बाप घड्याळजी, आणि मुलगाही बापाच्या हाताखाली घड्याळजीच झाला. एकविसाव्या वर्षी, १७५३ मध्ये, त्याने घड्याळाची गती नियमित ठेवणारी एक नवी कळ शोधली. राजाच्या घड्याळजीला त्याने ती विश्वासाने दाखवली, तर त्या बड्या माणसाने ती स्वतःची म्हणून जाहीर केली! पोराने गप्प बसावयाचे नाकारले. प्रकरण विज्ञान अकादमीपुढे गेले आणि १७५४ साली अकादमीने निर्णय दिला, की शोध कारोंचाच. कारागिराच्या पोराने राजदरबारात पाऊल ठेवले ते अशा रीतीने. पुढे त्याने पहिल्या पत्नीच्या जमिनीवरून ‘बोमार्शे’ असे भारदस्त नाव घेतले आणि १७६१ साली पैसे मोजून सरदारकी देणारे एक पदही विकत घेतले.

मेदुसेच्या दरवाजाआड त्याने दोन उद्योग केले. पहिला म्हणजे ‘रॉडरिग ऑर्तालेझ आणि कंपनी’ या स्पॅनिश वाटणाऱ्या नावाची पेढी. ती वरकरणी व्यापारी, पण आत फ्रेंच राजाचा गुप्त पैसा. परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन याच्या संमतीने फ्रान्सने दहा लाख लिव्र दिले, स्पेननेही तेवढेच दिले आणि या पेढीने इंग्लंडविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकन वसाहतींना बंदुका, तोफा आणि दारूगोळा पाठवला. १७७७ साली साराटोगा येथे इंग्रज सेनापतीला शरण यावे लागले, त्या विजयात या सामग्रीचा मोठा वाटा मानला जातो. त्याच १७७७ साली सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्याच्या दरबारात नाना फडणिसांकडे आला होता आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. इंग्रजांना जिथे अडवता येईल तिथे अडवावे, हे फ्रेंच धोरण पुणे आणि पॅरिस दोन्ही ठिकाणी एकाच वर्षी चालू होते. बोमार्शेला मात्र त्याच्या मालाचे पैसे हयातीत मिळाले नाहीत. अमेरिकेने त्याच्या वारसांशी हिशेब मिटवला तो १८३५ साली, आठ लाख फ्रँक देऊन.

दुसरा उद्योग नाटकाचा. ‘फिगारोचे लग्न’ या नाटकाचा नायक एक चाकर आहे. त्याचा धनी सरदार त्याच्याच वाग्दत्त वधूवर डोळा ठेवतो आणि चाकर व ती मुलगी मिळून त्याची फजिती करतात. जन्माने मिळालेला मोठेपणा आणि अकलेने कमावलेला मोठेपणा यांतला खरा कोणता, हा प्रश्न फिगारो उघड विचारतो. सोळाव्या लुईने हे नाटक होऊ द्यायचे नाही असे ठरवले होते. अखेर २७ एप्रिल १७८४ रोजी ते पॅरिसच्या रंगभूमीवर आले, तेव्हा तिकिटांसाठी झुंबड उडाली. दोनच वर्षांनी मोझार्टने त्यावर संगीतिका रचली आणि पाच वर्षांनी राज्यक्रांती झाली. नाटकामुळे क्रांती झाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्या प्रेक्षकांनी त्या चाकराला टाळ्या दिल्या, त्यांत सरदारही होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मला याहूनही महत्त्वाची वाटते ती ३ जुलै १७७७ ची तारीख. त्या दिवशी बोमार्शेने वीसहून अधिक नाटककारांना जेवावयास बोलावले आणि लेखकांची संघटना उभी केली. नाटक कंपन्या नाटककाराच्या जिवावर पैसा मिळवीत आणि त्याला मनाला येईल ते देत. ‘लिहिणारा मी, तर हिशेब मला दाखवा’ एवढेच संघटनेचे मागणे होते. १७९१ साली फ्रान्सने नाटककारांचा हक्क कायद्याने मान्य केला. तरुणपणी घड्याळाच्या कळेसाठी भांडलेला माणूस प्रौढपणी शब्दांसाठी भांडला. दोन्ही वेळी भांडण एकच होते : ज्याने वस्तू घडवली, तिच्यावर नाव त्याचे असावे आणि तिच्या कमाईत वाटा त्याचा असावा.

इथे मात्र माझे मन अडखळते. लेखकाला हा हक्क मिळाला. दरवाजा जोडणाऱ्या मनुइझिएला मिळाला नाही. त्याच १७९१ साली कारागिरांच्या पंचायती कायद्याने मोडीत निघाल्या. जुनी बंधने गेली हे चांगलेच झाले, पण नाव लागण्याचा प्रश्न तसाच राहिला. बोमार्शे स्वतःही वर चढताना बापाचे आडनाव मागे ठेवून गेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या हाती पटाशी आली नाही, ती भावाच्या हाती गेली. माझ्या हाती पुस्तक आले. याचा मला आनंद आहे. पण पुस्तक हाती आले म्हणजे पटाशीचे ज्ञान खालच्या पायरीचे ठरते काय? चौकट आणि सैल पॅनेल यांचे जे शास्त्र आण्णांनी पाच मिनिटांत सांगितले, ते लिहून काढावयास मला दोन दिवस लागले. ज्ञान त्यांचे आणि खाली नाव माझे, ही अडचण मलाही आहेच.

घराची पुढची हकीकत थोडक्यात सांगते. १७९० साली क्रांतीने वंशपरंपरागत सरदारकी आणि तिची कुलचिन्हे रद्द केली आणि कितीतरी दरवाजांवरील चिन्हे तासून काढण्यात आली. श्रीमंत लोक मारे सोडून त्याआधीच पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत जाऊ लागले होते. मोकळ्या हवेल्यांत कारखाने आणि गोदामे आली, अंगणांत पत्र्याची छपरे उभी राहिली, एकेका दालनात बिऱ्हाडे थाटली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर हा सारा भाग पाडून टाकावा असेही बोलले जात होते. ४ ऑगस्ट १९६२ रोजी सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला. एखादी सुटी इमारत नव्हे, तर संपूर्ण जुना मोहल्ला जतन करावयाचा, ही त्यातली नवी कल्पना. मारेला या कायद्याचा लाभ झाला आणि हवेल्या वाचल्या. मात्र मोहल्ला सुधारला तशी भाडी वाढली आणि तेथील पुष्कळशा गरीब कारागिरांना बाहेर पडावे लागले. दरवाजे राहिले, पण त्यांची दुरुस्ती करू शकणारे हात दूर गेले.

आपल्या गावांतही जुने दरवाजे आहेत. काही वाळवी खात आहेत आणि काही भंगारवाल्याकडून शहरातल्या बंगल्यांत शोभेसाठी जात आहेत. त्यांची नोंद करणारा कोणी नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने सुट्टीत आपल्या गावातील एक दरवाजा जरी नीट पाहिला, मोजला, त्याचे लाकूड कोणते हे विचारले आणि तो कोणी केला हे म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घेतले, तर इतिहास आणि मराठी या दोन्ही विभागांना उपयोगी पडेल असे टिपण तयार होईल. मी सुरुवात केली आहे. माझ्या वहीत आतापर्यंत आमच्या गावचे सात दरवाजे उतरले आहेत. त्यांपैकी चौघांपुढे करणाऱ्याचे नाव आहे. उरलेल्या तीन नावांसाठी मी आण्णांना घेऊन पुन्हा गावभर फिरणार आहे.